फ्लॅक्समन बेट आणि बर्फाच्या पाचरी

उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगा आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पाणी निघून गेले की माती आकसते आणि जमिनीवर बहुकोनांची जाळी उमटते. अशीच जाळी उत्तर ध्रुवीय प्रदेशातही दिसते. परंतु तिथली जमीन बर्फाने भरलेली असते. मग ती का तडकते? याचे उत्तर शोधण्यात अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील एका लहानशा बेटाचा मोठा वाटा आहे.

हे फ्लॅक्समन बेट. कॅनिंग नदीच्या मुखाजवळ, किनाऱ्याला समांतर असलेल्या रोधक बेटांच्या माळेतले. शेजारची बेटे नुसत्या वाळू-गोट्यांची; यावर मात्र मुख्य भूमीपासून तुटलेला, कायम गोठलेल्या जमिनीचा तुकडा शिल्लक आहे.

१९०६ मध्ये अर्नेस्ट लेफिंगवेल आणि एयनार मिकेलसेन अलास्काच्या उत्तरेला अज्ञात भूमी शोधण्यासाठी येथे आले. बर्फाने जहाज निकामी केले. त्याच्याच लाकडांतून बेटावर खोपटे उभे राहिले. भूमी काही सापडली नाही. मिकेलसेन परतले, लेफिंगवेल मात्र पुनःपुन्हा येत राहिले. १९१४ पर्यंत त्यांनी या भागात नऊ उन्हाळे आणि सहा हिवाळे काढले, स्थानिक इनुपियात लोकांच्या मदतीने किनाऱ्याचे नकाशे तयार केले.

लाटांनी कापलेल्या कड्यांत त्यांना बर्फाच्या उभ्या पाचरी दिसल्या. १९१५ मध्ये त्यांनी खुलासा मांडला. गोठताना पाणी प्रसरण पावते, हे आपण शिकवतो. पण एकदा बनलेला बर्फ आणखी थंड झाला की आकुंचन पावतो. दहा मीटर लांबीचा बर्फ २० अंश सेल्सियसने थंड झाला, तर तो सुमारे एक सेंटिमीटर आखडतो. म्हणून कडक हिवाळ्यात जमीन तडकते. वसंतात भेगेत वितळलेले पाणी शिरते आणि गोठते. पुढच्या हिवाळ्यात भेग बहुधा तिथेच पडते. असे शेकडो वर्षे चालले की केसाएवढ्या भेगेची पाचर होते. १९६२ मध्ये आर्थर लाखेनब्रुक यांनी या कल्पनेला गणिती आधार दिला.

आज बेटावर वस्ती नाही. ज्या लाटांनी पाचरी उघड्या केल्या, त्याच आता कडे खात आहेत. समुद्र पूर्वीपेक्षा अधिक काळ बर्फमुक्त राहतो आणि उघडी पडलेली पाचर वितळली की कडा ढासळतो. हजारो हिवाळ्यांची नोंद त्याबरोबर पुसली जाते.

‘बर्फ थंड केला तर काय होईल?’ हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. बहुतेक उत्तरे चुकतील, आणि धडा तिथूनच सुरू करता येईल.