जास्वंद, चाफा, मोगरा... न्यू जर्सीच्या मातीत काय लावावं?



मे महिना उजाडला की इथल्या मोठ्या दुकानांबाहेर फुललेल्या जास्वंदीच्या कुंड्या दिसायला लागतात. लाल फूल, चकचकीत पानं, अगदी कोकणातल्या कुंपणावरची! ती घरी येते, बॅकयार्डात लागते, छान फुलते आणि पहिल्या कडक फ्रॉस्टनंतर काळी पडते. पुढच्या मे महिन्यात पुन्हा नवी कुंडी, पुन्हा तेवढेच डॉलर. आमचं मत सरळ आहे: जमिनीत लावायची ती याच कुळातली, थंडी सोसणारी भावंडं. देशातली मूळ झाडं हौसेपुरती कुंडीत ठेवावीत.

रोप घेताना लेबलवर पहिल्यांदा 'झोन' बघा. अमेरिकेच्या कृषिखात्याचा हा नकाशा २०२३ साली नव्याने आला. हिवाळ्यात तापमान सरासरी कुठपर्यंत खाली जातं, त्यावरून हे झोन पाडले आहेत. मध्य न्यू जर्सीचा बराचसा भाग ७ व्या झोनमध्ये येतो, म्हणजे उणे १८ ते उणे १२ सेल्सिअस. वायव्येकडच्या डोंगराळ भागात ६ वा झोन. आपली नेहमीची जास्वंद ९ व्या झोनच्या खाली जमिनीत टिकत नाही. हिशोब संपला!

आता भावंडांकडे वळू. पहिली 'रोज ऑफ शॅरन', शास्त्रीय नाव हिबिस्कस सिरिॲकस. नावात सीरिया असला तरी ही मूळची पूर्व आशियातली आणि दक्षिण कोरियाचं राष्ट्रीय फूल. आठ ते बारा फुटांपर्यंत वाढते, जुलै ते सप्टेंबर फुलते, कुंपणाच्या कडेला ओळीने लावली तर आडोसाही होतो. फुलं नव्या फांद्यांवर येतात, म्हणून छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये करावी. एक डोकेदुखी मात्र आहे: बिया पडून शेकडो रोपं उगवतात. त्यासाठी 'डायना' ही शुभ्र पांढरी जात मागून घ्या, तिला बिया जवळजवळ धरतच नाहीत.

पण या झाडाला खरा लाल रंग नाही आणि गणपतीला तर लाल जास्वंद हवी! त्यासाठी दुसरं भावंड: हिबिस्कस मॉश्यूटॉस. हे तर इथलंच, न्यू जर्सीच्या दलदलीत आपोआप वाढणारं. फूल जेवणाच्या ताटाएवढं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण आठ-दहा इंच सहज. 'लॉर्ड बाल्टिमोर' या जातीचं फूल भडक लाल असतं आणि बहर नेमका ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे गणेशोत्सवात. फूल एकच दिवस टिकतं, त्यामुळे सकाळी तोडून लगेच पूजेला घ्यावं. भरपूर ऊन आणि भरपूर पाणी हवं. पावसाचं पाणी साचणारा कोपरा याला आवडतो. हिवाळ्यात झाड जमिनीपर्यंत पूर्ण वाळतं आणि मे अर्धा सरला तरी कोंब दिसत नाही. मेलं समजून उपटू नका! वाळक्या काड्या सहा इंच तशाच ठेवल्या तर जागा लक्षात राहते.

तिसरी हिबिस्कस कॉक्सिनियस, चांदणीसारखं लाल फूल. हिची पानं थेट गांजाच्या पानांसारखी दिसतात, तेव्हा शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. :-)

दुकानात ओळखायचं कसं? चकचकीत गडद पान म्हणजे उष्ण प्रदेशातली, बिनचमकीचं पान म्हणजे बहुधा थंडीतली. जुलैत जपानी भुंगेरे तिन्हींची पानं खातात (अमेरिकेत हा किडा पहिल्यांदा १९१६ साली आपल्या न्यू जर्सीतच सापडला!). सकाळी साबणाच्या पाण्यात झटकून टाकले की फवारणीची गरज फारशी पडत नाही.

आता चाफा. सोनचाफा शास्त्रीयदृष्ट्या मॅग्नोलियाच आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. (पांढरा देवचाफा वेगळ्याच कुळातला.) इथे दारात मॅग्नोलिया लावला तर तो सोनचाफ्याचा सख्खा चुलतभाऊच झाला. एप्रिलमध्ये पानांआधी फुलणारे गुलाबी मॅग्नोलिया सगळीकडे दिसतात, पण उशिराच्या फ्रॉस्टने त्यांचा बहर एका रात्रीत तपकिरी होऊ शकतो. आमची पसंती इथल्याच 'स्वीटबे'ला, मॅग्नोलिया व्हर्जिनियाना. जूनमध्ये फुलतो, लिंबासारखा मंद वास आणि ओली जमीनही चालते.

मोगऱ्याला मात्र पर्याय नाही, कुंडीच हवी. रात्रीचं तापमान ५० फॅरनहाइटच्या खाली जायला लागलं की आत घ्यावा, दक्षिणेच्या खिडकीत ठेवावा, पाणी कमी करावं. बाहेर सुगंध हवाच असेल तर 'मॉक ऑरेंज'. पण काही जातींना वासच नसतो, म्हणून फुललेलं रोप हुंगूनच घ्या.

शेवंती ऑक्टोबरमध्ये भोपळ्यांशेजारी विकायला असते. तेव्हा लावलेली बऱ्याचदा हिवाळ्यात मरते, कारण मुळं धरायला वेळच मिळत नाही. वसंतात लावा आणि चार जुलैपर्यंत शेंडे खुडत राहा.

हरणांचा उपद्रव ठाऊक आहेच. होस्टा, ट्यूलिप आणि अझेलिया म्हणजे त्यांना पंगतच. डॅफोडिलला ती तोंड लावत नाहीत. रटगर्स विद्यापीठाने हरणं काय कितपत खातात याची यादी केली आहे, ती खरेदीआधी जरूर बघा.

काही झाडं आम्ही सुचवणार नाही. 'बर्निंग बुश', जपानी बारबेरी आणि ब्रॅडफर्ड पेअर ही दिसायला सुंदर, पण पक्ष्यांमार्फत बिया रानात जातात आणि स्थानिक झाडांची जागा बळकावतात. बारबेरीच्या जाळीत लाइम रोगाच्या गोचिड्याही जास्त सापडतात. शेजारच्या पेन्सिल्वेनियात या पेअरच्या विक्रीवर २०२४ पासून बंदी आहे.

आणि घरात रांगतं मूल असेल तर कण्हेर नको, कुंडीतही नको. तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. मांजर असेल तर लिली घरात आणूच नका, नुसत्या परागांनीही मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. मुलाने काही पान-फूल चावलं तर लक्षणांची वाट न बघता पॉइझन कंट्रोलला १-८००-२२२-१२२२ वर फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो. फ्रिजवर चिकटवून ठेवा आणि देशातून आलेल्या आजी-आजोबांनाही दाखवा.