बद्धकोष्ठावरील व्यायामोपचार आणि स्वामी कुवलयानंदांचे प्रयोग : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या प्रारंभी बद्धकोष्ठ ही केवळ पोटाची तक्रार मानली जात नव्हती. मोठ्या आतड्यात साचलेल्या मळातून विषे रक्तात भिनतात व त्यातून असंख्य रोग उद्भवतात, हा सिद्धान्त युरोपातील वैद्यकविश्वात प्रतिष्ठा पावला होता. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन हे तर जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढीत. याच लेन यांनी 1925 साली 'न्यू हेल्थ सोसायटी' स्थापून कोंड्यासह धान्य, भाजीपाला आणि व्यायाम यांचा प्रचार आरंभिला. शस्त्राकडून व्यायामाकडे झालेला हा प्रवास बोलका आहे.

भारतात व्यायाम व मलशुद्धी यांचा संबंध नवा नव्हता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात मलमूत्रादी वेग अडविण्याचे दुष्परिणाम आणि व्यायामाचे गुण हे दोन्ही विषय एकत्र आले आहेत. हठयोगातील षट्कर्मांत नौली व बस्ती यांचा समावेश आहे. तथापि, या क्रियांचे शरीरात नेमके काय होते याचे प्रायोगिक मापन झालेले नव्हते.

बडोदे ते लोणावळा :
हे मापन करण्याचे श्रेय जगन्नाथ गणेश गुणे तथा स्वामी कुवलयानंद (1883-1966) यांच्याकडे जाते. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले आणि पुढे मालसर येथील परमहंस माधवदास यांच्याकडून योगाचे. आखाडा आणि आश्रम या दोन्ही परंपरा एकाच व्यक्तीत एकवटल्या होत्या, ही बाब त्यांच्या संशोधनाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली या क्रियांचे क्ष-किरणांच्या साहाय्याने निरीक्षण केले. ऑक्टोबर 1924 मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक निघाले.

बस्तिक्रियेत साधक गुदमार्गाने पाणी वर ओढून घेतो, ते कशामुळे? कुवलयानंदांनी आतड्यात नळी घालून ती पाऱ्याच्या दाबमापकास जोडली. नौलीच्या वेळी आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजेच अंशतः निर्वात अवस्था निर्माण होते, असे आढळले. पाणी वर चढते ते या दाबाच्या फरकाने; त्यासाठी कोणत्याही गूढ शक्तीची आवश्यकता नाही. या निर्वात अवस्थेला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. गूढता काढून टाकणाऱ्या शोधालाच गुरूचे नाव लाभावे, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे!

त्यांच्या 'आसने' या विषयावरील इंग्रजी ग्रंथातही बद्धकोष्ठाचा उल्लेख वारंवार येतो. पोटाचे स्नायू आळीपाळीने ताणले व आकुंचित केले जावेत, पोटातील दाबात चढउतार व्हावा, हे त्यामागील सूत्र. याच काळात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचा प्रचार करीत होते व पचनसुधारणा हा त्यांच्याही प्रतिपादनाचा एक भाग होता.

मापन आणि उपचार :
येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. दाबमापकाने नौलीची यंत्रणा दाखविली. बद्धकोष्ठ बरे होते हे त्याने सिद्ध केले नाही. त्यासाठी व्यायाम करणाऱ्या व न करणाऱ्या रुग्णांची तुलना हवी होती, आणि अशा यादृच्छिक चाचण्यांची पद्धत वैद्यकात रूढ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. हा दोष कुवलयानंदांचा नव्हे, काळाचा होय. मात्र त्यांच्या नावाचा आधार घेऊन पुढे लिहिल्या गेलेल्या अनेक लोकप्रिय पुस्तिकांना ही सवलत देता येत नाही.

आतड्यातील विषांचा सिद्धान्त 1920 च्या दशकातच डळमळला व पुढे त्याज्य ठरला. व्यायामाचा उपचार मात्र टिकला. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक यादृच्छिक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात चालण्यासारख्या व्यायामाने लक्षणे कमी होत असल्याचे आढळले. पण त्या चाचण्यांचा दर्जा सामान्य असल्याने निष्कर्ष सावधपणेच मांडला गेला. मलविसर्जनाच्या वेळी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल न पडण्यामुळे होणाऱ्या बद्धकोष्ठात केवळ चालणे पुरत नाही; तेथे त्या स्नायूंना वेगळे प्रशिक्षण द्यावे लागते आणि त्यासाठी आज पुन्हा दाबमापकच वापरला जातो.