एक शिकले की दुसरे येते का? : अध्ययन संक्रमणाच्या शोधाची कथा

‘गणिताने बुद्धी तल्लख होते’, ‘पाठांतराने स्मरणशक्ती वाढते’, ‘व्याकरणाने विचारांना शिस्त लागते’ ही वाक्ये शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत आपण नेहमी ऐकतो. त्या सर्वांमागे एकच गृहीत आहे. एका विषयात केलेला सराव मनाला असे काही बळ देतो, की ते बळ पुढे कोणत्याही कामात वापरता येते. एका ठिकाणी शिकलेले दुसऱ्या ठिकाणी उपयोगी पडणे याला शैक्षणिक मानसशास्त्रात ‘अध्ययन संक्रमण’ म्हणतात. हे संक्रमण खरोखर होते का, आणि झाले तर कशामुळे होते, या प्रश्नाचा शोध शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. तो शोध अभ्यासक्रमाशी, वेळापत्रकाशी आणि ‘हुशार कोण, ढ कोण’ या आपल्या रोजच्या निवाड्याशी जोडलेला आहे. म्हणून त्याचा इतिहास शिक्षकांनी जाणून घेण्यासारखा आहे.

मनाची तालीम

ही कल्पना फार जुनी आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’ या ग्रंथात म्हटले होते, की ज्यांना हिशेब चांगला येतो ते इतर विषयांतही चपळ असतात आणि मंद माणसाला हिशेबाचे शिक्षण दिले तर तोही अधिक तरतरीत होतो. पुढे युरोपात असा समज रूढ झाला, की स्मरण, अवधान, तर्क, कल्पना अशा मनाच्या निरनिराळ्या शक्ती आहेत. दंडबैठकांनी जसे स्नायू कमावता येतात तशा या शक्ती अवघड विषयांनी कमावता येतात. अमेरिकेतील येल महाविद्यालयाने १८२८ साली आपल्या अभ्यासक्रमाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. शिक्षणातून मनाला शिस्त लागते आणि मनात ज्ञानाचा साठा होतो, परंतु या दोहोंत शिस्त अधिक महत्त्वाची, असे त्यात मांडले होते. लॅटिन, ग्रीक आणि गणित हे विषय अभ्यासक्रमात राहावेत यासाठी हा युक्तिवाद होता. लॅटिन पुढे आयुष्यात वापरले नाही तरी बिघडत नाही, मनाची तालीम झाली म्हणजे पुरे, अशी ही भूमिका होती.

या मताला विरोध नव्हता असे नाही. पण मोजमाप करून ते तपासावे असे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणाच्या मनात फारसे आले नाही.

जेम्स यांचे पाठांतर

ती सुरुवात हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम जेम्स यांनी केली. पाठांतराने स्मरणशक्ती वाढत असेल, तर भरपूर पाठांतरानंतर नवा मजकूर लवकर पाठ व्हायला हवा. जेम्स यांनी हा प्रयोग स्वतःवरच केला. त्यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या एका कवितेच्या १५८ ओळी आठ दिवसांत पाठ केल्या. त्यांना सुमारे १३२ मिनिटे लागली. मग रोज वीसएक मिनिटे देऊन ३८ दिवसांत मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’चा पहिला सर्ग पाठ केला. एवढ्या तालमीनंतर ते पुन्हा ह्यूगोकडे वळले आणि त्याच कवितेच्या पुढच्या १५८ ओळी पाठ केल्या. या वेळी साडेएकशे एक्कावन्न मिनिटे लागली! वेळ कमी होण्याऐवजी वाढला. दुसऱ्या वेळी आपण इतर कामांनी थकलेले होतो, हेही जेम्स यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. हा वृत्तांत त्यांच्या १८९० सालच्या मानसशास्त्रावरील ग्रंथात आहे.

एका माणसाच्या प्रयोगावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही, हे उघड आहे. पण एक महत्त्वाची गोष्ट घडली होती. जो प्रश्न केवळ वादाचा होता, तो घड्याळ लावून तपासता येतो असे दिसले.

थॉर्नडाइक यांचे कागदी आयत

जेम्स यांच्या विद्यार्थ्यांत एडवर्ड थॉर्नडाइक हा तरुण होता. तो कोंबडीच्या पिलांवर प्रयोग करीत असे. पिले ठेवायला जागा मिळेना, तेव्हा जेम्स यांनी आपल्या घराचे तळघर त्याला दिले होते. पुढे न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी संक्रमणाचा प्रश्न हाती घेतला आणि १९०१ साली तीन लेखांतून आपले निष्कर्ष मांडले.

त्यांची पद्धत साधी होती. प्रथम पूर्वचाचणी, मग सराव, शेवटी उत्तरचाचणी. १० ते १०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाचे आयत दाखवून त्यांचे क्षेत्रफळ नजरेने ओळखण्याचा सराव काही व्यक्तींना दिला. सरावाने अंदाज चांगलेच सुधारले. मग त्याच मापाच्या पण वेगळ्या आकाराच्या आकृत्या दिल्या. तेथे सुधारणा मूळ सुधारणेच्या केवळ ४४ टक्के निघाली. आकार तोच ठेवून मापे १४० ते ३०० चौरस सेंटिमीटर केली, तेव्हा ती ३० टक्क्यांवर आली. वजने ओळखण्याच्या प्रयोगातही असेच दिसले. म्हणजे ‘अंदाज करण्याची शक्ती’ नावाचे काही एक कमावले गेले नव्हते. विशिष्ट वस्तूंचा अंदाज सुधारला होता आणि वस्तू जितकी वेगळी, तितका लाभ बहुधा कमी होत होता.

यावरून थॉर्नडाइक यांनी ‘समान घटकांची उपपत्ती’ मांडली. दोन कामांत जेवढे घटक समान असतील तेवढेच संक्रमण होते. बेरीज येणे गुणाकाराला उपयोगी पडते, कारण गुणाकार करताना बेरीज करावीच लागते. गुणाकार आल्याने इतिहास समजत नाही, कारण त्यांत समान असे फार थोडे आहे.

लॅटिनवाले हुशार का?

लॅटिनचे समर्थक यावर म्हणत, की प्रयोगशाळेतले आयत बाजूला ठेवा. लॅटिन आणि भूमिती शिकणारी मुले हुशार असतात, हे तर डोळ्यांना दिसते! थॉर्नडाइक यांनी हाही दावा तपासला. माध्यमिक शाळांतील ८,५६४ विद्यार्थ्यांची विचारशक्तीची चाचणी त्यांनी वर्षाच्या अंतराने दोनदा घेतली आणि मधल्या काळात कोणी कोणते विषय घेतले होते याच्याशी प्रगती ताडून पाहिली. १९२४ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की विषयाविषयांत फरक अगदी थोडा आहे. जी मुले आधीपासून पुढे होती त्यांचीच प्रगती अधिक होती, मग त्यांनी कोणताही विषय घेतलेला असो.

हुशार मुले लॅटिन घेत होती, म्हणून लॅटिन हुशारी देते असे भासत होते. हुशार मुलांनी व्यायाम आणि नाट्यकला घेतली असती, तर या विषयांनाही बुद्धिवर्धक म्हटले गेले असते, असे थॉर्नडाइक यांनी सुचवले. कार्यकारणाची ही उलटापालट शिक्षकांनी कायम ध्यानात ठेवावी. एखाद्या वर्गातील मुले चमकतात, तेव्हा वर्गाने त्यांना चमकवले की चमकणारीच मुले त्या वर्गात आली, हे विचारलेच पाहिजे.

पाण्याखालचे लक्ष्य

थॉर्नडाइक यांचे म्हणणे सर्वांना पटले नाही. चार्ल्स जड यांनी १९०८ साली एका प्रयोगाचे वर्णन केले. पाचवी-सहावीच्या मुलांना पाण्याखाली ठेवलेल्या लक्ष्यावर छोटे बाण मारायचे होते. पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा वर दिसते, कारण पाण्यातून हवेत येताना प्रकाशकिरण वाकतात. एका गटाला हे अपवर्तनाचे तत्त्व आधी समजावून दिले, दुसऱ्याला काहीच सांगितले नाही. लक्ष्य १२ इंच खोल असताना दोन्ही गट सारखेच ठरले. तत्त्व कळल्याने नेम साधत नाही, हात बसवावाच लागतो. मग लक्ष्य ४ इंचांवर आणले. आता तत्त्व न शिकलेली मुले गोंधळली, कारण आधीच्या खोलीला बसवलेला नेमच त्यांना आड येऊ लागला. तत्त्व शिकलेली मुले मात्र चटकन सावरली.

जड यांनी सविस्तर आकडे दिले नव्हते. १९४१ साली हेंड्रिकसन आणि श्रोडर यांनी हवेच्या बंदुका वापरून तसाच प्रयोग पुन्हा केला आणि तत्त्वाचे ज्ञान उपयोगी पडते असेच त्यांना आढळले. जड यांचे सांगणे असे, की संक्रमण केवळ बाह्य सारखेपणामुळे होत नाही. अनुभवामागचा नियम मुलाच्या हाती लागला तर होते. यालाच ‘सामान्यीकरणाची उपपत्ती’ म्हणतात. मात्र जड यांच्या प्रयोगात नियम आणि सराव दोन्ही होते, हे विसरू नये.

मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्थायमर यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात एका वर्गाचे वर्णन केले आहे. मुलांना समांतरभुज चौकोनाचे क्षेत्रफळ काढायला शिकवले होते. लंब कुठे टाकायचा, काय वाढवायचे, सारे पाठ होते. वर्थायमर यांनी तसाच चौकोन वेगळ्या रीतीने उभा काढून दाखवला, तेव्हा काही मुले म्हणाली, की हे आम्हांला अजून शिकवलेले नाही! उलट एका साडेपाच वर्षांच्या मुलीने कात्री मागितली. एका टोकाला जे जास्त आहे तेच दुसऱ्या टोकाला हवे आहे हे तिला दिसले. तो तुकडा कापून तिने दुसरीकडे लावला आणि आयत तयार केला. तिच्याजवळ सूत्र नव्हते, पण सूत्र ज्यातून निघते ती गोष्ट होती.

नंतरचे पुरावे

१९८० साली अमेरिकेतील एका विद्यार्थ्यावरील प्रयोग प्रसिद्ध झाला. ऐकलेले ७ अंक क्रमाने सांगू शकणारा हा तरुण दीडएक वर्षाच्या सरावाने ७९ अंक सांगू लागला. तो धावपटू होता आणि अंकांचे गट शर्यतींच्या वेळा म्हणून लक्षात ठेवी. त्याला अंकांऐवजी अक्षरे दिली, तर तो पुन्हा सहाच्या आसपास आला! त्याची ‘स्मरणशक्ती’ वाढली नव्हती, अंक लक्षात ठेवण्याची एक युक्ती त्याने कमावली होती. २०१० साली ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर ‘मेंदूचे व्यायाम’ केले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत ते सुधारले, पण त्यांच्याशी जवळचे नाते असलेल्या इतर चाचण्यांतही लाभ दिसला नाही. ‘स्मरणशक्ती वाढवा’ अशा जाहिराती वाचणाऱ्या पालकांना आपण हे सांगायला हवे.

तत्त्व कळले तरी ते योग्य वेळी आठवेलच असे नाही, हेही दिसले. १९८० साली गिक आणि होलिओक यांनी विद्यार्थ्यांना एक कूट घातले. पोटातील गाठ जाळायला तीव्र किरण हवेत, पण तीव्र किरण वाटेतील निरोगी भागही जाळतात. काय करावे? उत्तर असे, की अनेक दिशांनी सौम्य किरण सोडून ते गाठीवर एकत्र आणावेत. हे आपणहून सुमारे दहा टक्क्यांनाच सुचले. सैन्याच्या लहान तुकड्या करून अनेक वाटांनी किल्ल्यावर नेणाऱ्या सेनापतीची गोष्ट आधी वाचलेल्यांतही बहुतेकांना ती आठवली नाही. ‘त्या गोष्टीचा उपयोग होतो का पाहा’ एवढे सुचवताच सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी कूट सोडवले. पुढे १९८३ साली असे आढळले, की एकाच तत्त्वाच्या दोन गोष्टींची तुलना करायला लावली, तर न सुचवताही अधिक जणांना मार्ग दिसतो.

सर्वांत बोलका पुरावा बाजारातून आला. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकी चालू असताना विचारलेल्या हिशेबांपैकी ९८ टक्के त्यांनी बरोबर केले. तेच हिशेब कागदावर नुसत्या आकड्यांत मांडले, तेव्हा केवळ ३७ टक्के बरोबर आले. आपल्याकडेही २०२५ साली अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० हून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्यवहारातले गुंतागुंतीचे हिशेब तोंडी करणारी ही मुले शाळेच्या धर्तीच्या लेखी गणितात अडखळत होती. आणि शाळेत जाणारी मुले बाजारी हिशेबात अडखळत होती. पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे.

वर्गात काय करावे?

या इतिहासातून तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, कोणताही विषय ‘मेंदूला व्यायाम’ म्हणून शिकवू नये. संस्कृत असो की भूमिती, त्या विषयात स्वतःचे जे मोलाचे आहे त्यासाठी तो शिकवावा. केवळ मनाची तालीम म्हणून मुलांचे तास खर्च करण्याला आधार सापडत नाही.

दुसरी, संक्रमण आपोआप होत नाही, ते घडवावे लागते. एकच तत्त्व निदान दोन भिन्न उदाहरणांतून द्यावे आणि ‘यांत सारखे काय?’ हे मुलांनाच सांगू द्यावे. तरफ शिकवताना कात्री, अडकित्ता आणि पहार शेजारी ठेवावी. आकृती फिरवून, उलटी करून काढावी. प्रमाण गणितात शिकवले, तर भूगोलाच्या तासाला नकाशा उघडताना त्याची आठवण करून द्यावी. ती ‘एवढीशी’ सूचना किती काम करते, हे किल्ल्याच्या गोष्टीने दाखवले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आठवड्याच्या बाजारात आईच्या शेजारी बसून भाजी विकणारी मुलगी आपल्या वर्गात फळ्यावरचा गुणाकार चुकते, तेव्हा तिला गणित येत नाही असा शेरा मारण्याची घाई करू नये. साडेतीन किलो कांद्याचे किती, असे तिला आधी विचारावे. तिने तोंडी केलेला हिशेब फळ्यावर पायरीपायरीने मांडावा आणि पुस्तकातल्या रीतीशेजारी ठेवून दोन्हींत एकच गोष्ट कशी घडली ते तिला दाखवावे. तुटलेला पूल बांधायला तिच्या बाजूचा दगड तिच्याजवळ आहेच. दुसऱ्या बाजूचा आपण ठेवायचा आहे.