पिस्तूल आणि तेलाचा थेंब

बंदुकीस कोणतें वंगण लावावें, हा प्रश्न हिंदुस्थानच्या इतिहासांत एकदां केवढ्या भयंकर रूपानें उभा राहिला, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. १८५७ च्या आरंभीं एनफील्ड रायफलीच्या काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लावली आहे अशी वदंता डमडमच्या छावणींतून पसरली, आणि शिपायांनीं आपल्या पसंतीचें वंगण बाजारांतून आणावें अशी मुभा सरकारनें त्याच जानेवारींत दिली, तरी संशय निवाला नाहीं. त्या वादांत धर्माचा प्रश्न इतका मोठा होता कीं, वंगण मुळांत लागतें कशासाठीं ही चौकशी मागेंच पडली. पेंच पाडलेल्या नळींत गोळी गजानें सुरळीत उतरावी, एवढेंच त्या चरबीचें काम. परंतु पुढें पन्नास वर्षांच्या आंत असें एक शस्त्र निघालें कीं, ज्यांत वंगण ही नुसती सोय न राहतां यंत्राच्या जिवाची गोष्ट झाली. तें शस्त्र म्हणजे आपोआप भरणारें पिस्तूल.

रिव्हॉल्व्हरचें चक्र फिरतें तें माणसाच्या बोटानें. आंत मळ सांचला तर बोट जरा अधिक जोर लावतें, आणि काम निभावतें. नव्या पिस्तुलांत ही उसनवारी चालत नाहीं. गोळी सुटतांना जो धक्का मागें येतो, त्याच्याच बळावर नळीचें दार उघडावयाचें, रिकामें टरफल बाहेर फेंकावयाचें, घोडा चढवावयाचा व स्प्रिंग दाबावयाची. आणि मग त्या स्प्रिंगेनें दुसरें काडतूस आंत ढकलावयाचें. मिळकत ठरलेली, घर्षणानें जें खाल्लें तें या कामांतून वजा. मध्यमवर्गीय संसाराचा जमाखर्च ठाऊक असलेल्या वाचकांस याहून अधिक उकल नको.

ह्यूगो बोर्शार्ट यांचें पिस्तूल १८९३ सालीं बर्लिनला निघालें. १८९६ त माउझरचें आलें. गेओर्ग लूगर यांनीं बोर्शार्टच्याच रचनेंत सुधारणा करून केलेलें पिस्तूल १९०० सालीं स्विस सैन्यानें व १९०८ त जर्मन भूदलानें स्वीकारलें. या सर्वांपेक्षां जॉन ब्राउनिंग यांची, नळीवरून पुढेंमागें सरकणाऱ्या आवरणाची, म्हणजे स्लाइडची, युक्ति अधिक टिकली. ब्राउनिंग हें नांव महाराष्ट्राच्या कानीं पडलें तें नाशिकमुळें: २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या याच बनावटीच्या पिस्तुलांतून.

१९११ च्या मार्चमध्यें अमेरिकन सैन्यानें ब्राउनिंग यांच्या कोल्ट पिस्तुलाची परीक्षा घेतली. दोन दिवसांत एकाच पिस्तुलांतून सहा हजार गोळ्या झाडल्या. तें तापलें कीं पाण्यांत बुडवीत, आणि दर हजार गोळ्यांनंतर पुसून तेल देत. तें एकदांही अडलें नाहीं. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तूल सदतीस वेळां अडलें. या विजयाचें श्रेय रचनेस देतात, व तें योग्यच आहे. पण त्या सहा तेलपाण्यांचा विसर पडूं नये, असें आम्हांस वाटतें.

तेल कोणतें, यावरही त्या काळीं मोठा खल झाला. इंग्रजी अमलांत ब्रह्मदेशच्या खनिज तेलापासून केलेलें ‘रंगून तेल’ बंदुकांस लावीत. अमेरिकन सैन्याच्या सूचनांत घासणाऱ्या भागांसाठीं स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल सांगितलेलें असे. तें पातळ असून लवकर चिकटत नाहीं, म्हणून घड्याळजीही तें वापरीत. जर्मनींत क्लेव्हर यांनीं १९०४ च्या सुमारास ‘बॅलिस्टॉल’ काढलें. लोखंड, लांकूड व कातडें या तिहींस एकच तेल चालावें हा त्यांतला हेतु. आणि शिपायाच्या पिशवींत जागा किती असते हें ज्यास कळतें, त्यास त्याचें महत्त्व कळेल.

पण तेल चांगलें असूनही नळी गंजे, हें कोडें पुष्कळ वर्षें सुटेना. कोणी दारूच्या आम्लास दोष देई, कोणी शिपायाच्या आळसास. खरा अपराधी काडतुसाच्या टोपींत होता. तींतील पोटॅशियम क्लोरेट जळून जो क्षार उरतो तो आपल्या मिठाचाच भाऊबंद. कोंकणांत श्रावणांत उघड्या ठेवलेल्या मिठास पाणी सुटतें, तसेंच त्यासही सुटतें. तेलांत तो विरघळत नाहीं. उलट वरून तेल चोपडलें तर खालीं गंज निर्धास्तपणें चालतो. अमेरिकेच्या खाणखात्यासाठीं विल्बर्ट हफ यांनीं १९२२ सालीं हें शास्त्रशुद्ध रीतीनें दाखवून दिलें. गंमत अशी कीं, इंग्रज पलटणींत आधीं नळींतून कढत पाणी ओतण्याची व मग तेल देण्याची चाल होतीच. क्षार न सोडणाऱ्या टोप्या रूढ झाल्यावर हा विधि लोपला.

तेल देण्याच्या कलेंत लोकांचा हात सैल सुटतो, तेथेंच घात होतो. स्लाइड ज्या खांचांतून धांवते तेथें, नळीच्या बाहेरच्या अंगास व जेथें दोन भाग परस्परांत अडकतात तेथें एकेक थेंब पुरे. काडतुसांच्या पेटींत तेल गेलें तर धूळ धरून राहतें; टोपींत झिरपलें तर ऐन वेळीं बार फुसका जातो; जेथें काडतूस बसतें ती जागाही कोरडीच हवी. ऑस्ट्रियाच्या १९०७ च्या श्वार्झलोझे मशीनगनींत प्रत्येक काडतुसास तेल लावणारा पंपच बसविला होता. १९१२ च्या सुधारणेंत तो काढून टाकावा लागला.

तेलाची सर्वांत कठोर परीक्षा १९४१ च्या हिंवाळ्यांत रशियांत झाली. जर्मन सैन्याचें वंगण थंडीनें थिजलें आणि हत्यारें हलेनात. शेवटीं शिपायांनीं तेल समूळ पुसून तीं कोरडींच चालविलीं. ज्या तेलानें यंत्र धांवावयाचें त्यानेंच तें जखडून टाकावें, हा प्रसंग त्या शिपायांच्या प्राणांवर बेतणारा होता. पुढें रसायनशाळांत कडाक्याच्या थंडींतही न थिजणारीं कृत्रिम तेलें तयार झालीं. देवमाशाच्या तेलाची मात्र निराळ्याच कारणानें अखेर झाली: हा प्राणी नष्ट होण्याच्या मार्गास लागल्याचें पाहून १९७० सालीं अमेरिकेनें त्या तेलाची आयात बंद केली.