पाळी आणि तक्षीम

मराठी मुलखातील जुन्या गावास न्याय्य वाटणीचे ज्ञान नव्हते, असे म्हणणे त्या गावावर अन्याय करणारे होईल; कारण पाटीलकीच्या खरेदीखतांतून व महजरांतून, वतनाच्या दोन तक्षिमदारांपैकी, म्हणजे हिस्सेदारांपैकी, होळीस पोळी प्रथम कोणी वाहावी, पोळ्याला कोणाचा बैल पुढे चालावा, शिरपाव आधी कोणी घ्यावा, याचा जो बारीक तपशील लिहिलेला आढळतो, तो पाहिला म्हणजे मानाच्या वाटपात आपले पूर्वज किती दक्ष होते याची खात्री पटते.

हीच दक्षता गावकुसाबाहेरही होती. महारवतनाचे हक्क आणि कामे तेथील घराण्यांत हिश्श्यांप्रमाणे वाटलेली असत, आणि ज्याच्याकडे येसकरपाळी, म्हणजे गावची वेस राखण्याची पाळी, येई तो खांद्यावर घोंगडी टाकून, घुंगरांची काठी वाजवीत, तिन्हीसांजेला दारोदार भाकरी मागत फिरे. वेस राखणे, साऱ्याची रक्कम कचेरीत पोचविणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे ही कामे मोठ्या विश्वासाची, आणि ती त्याची. मेलेले ढोर ओढणे, अंमलदाराचे ओझे वाहणे, कोणाच्या मृत्यूचा सांगावा घेऊन भर पावसात परगावी धावणे, हीही त्याचीच. ज्याच्या हाती सरकारी वसूल निर्धास्त सोपवावा त्याचा स्पर्श मात्र चालू नये, हे त्या काळच्या शहाण्यांना विसंगत वाटले नाही! पाळी फिरे ती ज्या त्या कुंपणाच्या आत. ढोर ओढण्याची पाळी पाटलाच्या वाड्यावर कधी आली नाही, आणि होळीस पहिली पोळी वाहण्याचा मान महारवाड्यात कधी गेला नाही.

इंग्रजी अमलाने 1874 च्या वतन कायद्यात ही व्यवस्था बंदिस्त केली. मोबदला हाडकी-हाडोळ्याच्या, म्हणजे महारवतनाच्या, तुटपुंज्या जमिनीचा व बलुत्याचा, चाकरी मात्र आठी प्रहर; बाप परगावी गेला तर कुटुंबातील दुसऱ्याने हजर व्हावे. मुंबईच्या कायदे कौन्सिलात डॉ. आंबेडकरांनी 1928 साली दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यात जमिनीचा पूर्ण सारा भरून चाकरीतून मोकळे होण्याची मुभा मागितली होती. मागणी इतकी माफक असूनही विधेयक अखेर मागे घ्यावे लागले. ही कनिष्ठ वतने कायद्याने नष्ट झाली ती 1958 साली, आणि मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्याने.