नव्वद हजार डॉलरचा गुलाम

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, पण आज मला एका बेसबॉलपटूबद्दल बोलायचं आहे. त्याचं नाव कर्ट फ्लड. सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचा तो सेंटर फील्डर. मैदानाच्या पार मागच्या बाजूला, मधोमध उभा राहणारा हा गडी. उंच उडालेला चेंडू कुठे पडणार हे बॅटचा आवाज येताच ओळखायचं आणि धावत सुटायचं, हे त्याचं काम. क्रिकेटमध्ये लाँगऑनपासून लाँगऑफपर्यंतचा सगळा पट्टा एकट्याने सांभाळण्यासारखंच म्हणा ना!

फ्लड हे काम विलक्षण करायचा. १९६३ ते १९६९ अशी सलग ७ वर्षं उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार त्याला मिळाला. १९६६ च्या अख्ख्या हंगामात त्याच्या नावावर एकही चूक नोंदली गेली नाही. त्याच्या संघाने १९६४ आणि १९६७ मध्ये वर्ल्ड सिरीज जिंकली. १९६८ च्या अंतिम सामन्यात मात्र एका चेंडूचा त्याचा अंदाज चुकला, तो डोक्यावरून मागे गेला आणि डेट्रॉइटने बाजी मारली. लोकांनी ते बरीच वर्षं लक्षात ठेवलं.

पण मला सांगायची आहे ती त्याने कोर्टात लढलेली लढाई. निकालपत्रं वाचायची मला जुनी खोड आहे, आणि त्यातूनच माझी या माणसाशी ओळख झाली.

फ्लडचा जन्म १९३८ चा, ह्यूस्टनचा. वाढला कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला. १९५६ मध्ये तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि त्याला दक्षिणेकडच्या कनिष्ठ संघांत पाठवण्यात आलं. तिथे काळ्यांना वेगळी हॉटेलं, वेगळ्या खाणावळी. एक प्रसंग त्याने पुढे स्वतःच सांगितला. एका दिवशी दोन सामने होते. पहिला संपल्यावर सगळ्यांनी घामाने भिजलेले कपडे एका ढिगात टाकले, त्याने आपलेही टाकले. तिथल्या नोकराने त्याचे कपडे काठीने उचलून बाजूला काढले आणि काळ्यांच्या धोब्याकडे धाडले. ते परत येईपर्यंत हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उघडाच बसून राहिला.

आता त्या काळच्या कराराबद्दल थोडं सांगायला हवं. खेळाडूचा करार एका वर्षाचा असे, पण त्यात एक राखीव कलम असायचं. नवा करार ठरला नाही, तर मालकाला जुनाच करार आणखी एका वर्षासाठी वाढवता येई. वाढवलेल्या करारात पुन्हा हेच कलम! म्हणजे मालकांच्या लेखी एकदा सही केलेला खेळाडू जन्मभर त्यांचा. त्याला ठेवायचं, विकायचं की बदली द्यायचं हे मालक ठरवणार. खेळाडूला पर्याय एकच, खेळ सोडण्याचा.

आणि याला न्यायालयाचं कवच होतं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की, बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू होत नाही. संघ रेल्वेने राज्याराज्यांत फिरत होते, तिकिटं विकत होते, आणि तरी तो व्यापार नाही! १९५३ मध्ये न्यायालयाने तोच निर्णय कायम ठेवला. पुढे बॉक्सिंग आणि अमेरिकन फुटबॉलला मात्र कायदा लागू झाला.

ऑक्टोबर १९६९ मध्ये एका सकाळी फ्लडला फोन आला. मालकाचा नव्हे, कचेरीतल्या एका मधल्या पायरीवरच्या अधिकाऱ्याचा. १२ वर्षं खेळल्यावर त्याला आणखी तिघांबरोबर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं होतं. फ्लड तेव्हा ३१ वर्षांचा होता आणि वर्षाला ९० हजार डॉलर मिळवत होता. त्या काळी ही रक्कम भलीमोठी होती, फिलाडेल्फिया तर त्याहून जास्त द्यायला तयार होतं.

तो खेळाडूंच्या संघटनेचे मार्व्हिन मिलर यांना भेटला. मिलर हे पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले, मुरलेले गृहस्थ. त्यांनी स्पष्ट सांगितलं की, खटला जिंकण्याची शक्यता नगण्य आहे, आणि जिंकलास तरी तुझ्या पदरात काही पडणार नाही, कारकीर्द मात्र संपेल. फ्लडने विचारलं, पुढच्या खेळाडूंना फायदा होईल का? मिलर म्हणाले, होईल. एवढं त्याला पुरेसं होतं. काळा आहेस म्हणून हे करतोस का, असं एका सहकारी खेळाडूने बैठकीत विचारलं. आपल्या वर्णामुळे हे जास्त टोचतं खरं, पण हे कुणाच्याच बाबतीत होऊ नये, अशा अर्थाचं त्याचं उत्तर होतं.

त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, हे त्याचं सार. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्याला विचारलं गेलं की, ९० हजार डॉलर मिळवणारा गुलाम कसा? तो म्हणाला, पगार चांगला असला तरी गुलाम तो गुलामच. हा शब्द लोकांना फार झोंबला. आपल्याला त्याचं वजन वेगळं सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांनाच.

१९७० मध्ये न्यूयॉर्कला खटला उभा राहिला. फ्लडच्या बाजूने साक्ष द्यायला जॅकी रॉबिन्सन आले, हँक ग्रीनबर्ग आले. दोघेही निवृत्त. खेळत असलेला एकही खेळाडू तिकडे फिरकला नाही. श्रोतेहो, मला या प्रकरणातली ही गोष्ट सगळ्यात कडू वाटते. संघटनेचा ठराव एकमताने होता, पैसेही तिनेच दिले, पण कोर्टात मागच्या बाकावर येऊन बसायलाही कुणी धजलं नाही. भीती रास्त असेल, त्यांचीही घरं चालायची होती. तरीही!

निकाल विरुद्ध गेला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. न्या. ब्लॅकमन यांचं ते निकालपत्र वाचण्यासारखं आहे. सुरुवातीला बेसबॉलचं गुणगान आणि जुन्या ८० हून अधिक खेळाडूंची नामावळी. मग कबुली की, ही सूट विसंगत आहे, पण ती दूर करायची तर काँग्रेसने करावी. विरोधी मत देणाऱ्या न्या. डग्लस यांनी १९५३ च्या निकालात आपण सामील झालो याचा पश्चात्ताप लिहून ठेवला.

तोवर फ्लड संपला होता. १९७० चा हंगाम गेलाच. १९७१ मध्ये तो वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळला, पण हातात पूर्वीची जादू नव्हती. धमकीची पत्रं, कर्ज, मोडलेला संसार आणि दारू. एक दिवस तो निघून स्पेनला गेला आणि माजोर्का बेटावर बार चालवू लागला.

१९७५ च्या डिसेंबरात लवाद पीटर साइट्झ यांनी, वाढवलेला करार एका वर्षानंतर संपतो, असा निर्णय दिला आणि राखीव कलमाचा कणा मोडला. फायदा मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन गोलंदाजांना झाला, म्हणजे तिथल्या भाषेत पिचरना. त्यानंतर खेळाडूंचे पगार काही वर्षांतच कितीतरी पटींनी वाढले.

फ्लड जानेवारी १९९७ मध्ये घशाच्या कॅन्सरने गेला, ५९ व्या वर्षी. १९९८ मध्ये काँग्रेसने त्याच्या नावाने कायदा केला आणि वरिष्ठ लीगच्या खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचं संरक्षण मिळालं. ज्या कनिष्ठ संघांत फ्लडचे कपडे काठीने उचलले गेले, तिथल्या खेळाडूंना मात्र या कायद्याने मुद्दाम बाहेर ठेवलं. ते मिलर यांच्या संघटनेत आले २०२२ मध्ये, आणि त्यांचा पहिला सामूहिक करार झाला २०२३ साली.