नाकाशी धरायच्या नळीची कहाणी

सर्दी झाली की घरची वडीलधारी बाई तव्यावर ओवा जरा गरम करी, जुनेराच्या तुकड्यात त्याची पुरचुंडी बांधी आणि पोराच्या नाकाशी धरी. आता त्या पुरचुंडीच्या जागी पर्समधून बोटाएवढी नळी निघते. आपल्या मंडळात भजनापूर्वी ती या हातातून त्या हातात फिरते, हे मात्र बरे नव्हे. तिच्याबरोबर सर्दीही फिरते! असो. या नळीचा इतिहास मोठा चमत्कारिक आहे.

नाक चोंदते ते निव्वळ शेंबडाने, अशी आपली समजूत. वास्तविक नाकाच्या आतील नाजूक अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. सर्दीत त्या वाहिन्या फुगतात, अस्तर सुजते आणि हवेची वाट अरुंद होते. वाहिन्या आकसल्या की वाट मोकळी होते. हा गुण असलेली मा-ह्वांग ही वनस्पती चिनी वैद्यांच्या वापरात फार प्राचीन काळापासून होती. तिच्यातील एफेड्रिन हे द्रव्य जपानचे नागाई नागायोशी यांनी १८८५ साली वेगळे काढले. पुढे १९२४च्या सुमारास पेकिंगमध्ये चेन व श्मिट यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचे तिकडे लक्ष गेले आणि त्याला पर्यायी औषध शोधण्याची धडपड सुरू झाली.

लॉस एंजेलिस येथील गॉर्डन ॲलेस यांनी ॲम्फेटामिन नावाचे द्रव्य तयार केले व १९२९ साली ते स्वतःलाच टोचून घेतले. नाक मोकळे झाले, मन प्रसन्न झाले, आणि रात्री झोप काही येईना! पुढच्या साऱ्या अनर्थाची सूचना त्या एका रात्रीत होती, असे मला वाटते. त्यानंतर थोड्याच वर्षांत फिलाडेल्फियाच्या स्मिथ, क्लाइन अँड फ्रेंच कंपनीने 'बेन्झेड्रिन इनहेलर' बाजारात आणला. ॲम्फेटामिन आपोआप हवेत उडणारे असल्याने ते नळीत भरून ठेवले की हुंगण्याचे काम झाले. चिठ्ठीवाचून कोणालाही ही नळी मिळे. हुंगताना औषध थोडेच शरीरात जाई. परंतु एका नळीत ते सुमारे ३२५ मिलिग्रॅम असे. लोकांनी नळ्या फोडल्या, आतल्या औषधात भिजलेल्या कागदाच्या पट्ट्या गिळल्या, कॉफीत बुडवून प्यायल्या. नाकाचे औषध नशेचे झाले. १९४९ साली कंपनीने त्यातील द्रव्य बदलले आणि १९५९ साली अमेरिकन सरकारने ॲम्फेटामिनच्या नळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची केली.

२००२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनच्या ॲलन बॅक्स्टर यांना बर्फावरील घसरशर्यतीत कांस्यपदक मिळाले. मायदेशी वापरीत त्याच छापाची नळी त्यांनी अमेरिकेत विकत घेतली होती. पण अमेरिकेतील नळीत निराळे, उत्तेजक वर्गातले औषध होते. चूक अजाणता झाली हे लवादाने मानले, तरी पदक गेले ते गेलेच. मुलाकडे परदेशी जाऊन येणाऱ्या भगिनींनी तिकडून आणलेल्या नळीवरचा मजकूर वाचावा तो यासाठी.

आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या नळीत मेंथॉल व कापूर असतो. गंमत अशी की, मेंथॉलने वाहिन्या आकसत नाहीत. गारव्याची जाणीव करून देणारे मज्जातंतू त्याने चेतवले जातात आणि नाक उघडल्यासारखे भासते. मोठ्या माणसाला तेवढ्याने आराम पडत असेल तर पडो. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मात्र ही नळी कदापि धरू नये. त्या वासाने बाळाचा श्वास अडकू शकतो. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात, म्हणून नळी त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

खरोखर वाहिन्या आकसवणारी औषधे म्हणजे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब. त्यांचा गुण तत्काळ येतो आणि घोटाळा तिथेच होतो. तीन ते पाच दिवसांपलीकडे ते घालीत राहिल्यास औषधाचा अंमल उतरताच अस्तर पुन्हा सुजते, पुन्हा थेंब घातले जातात, आणि सर्दी जाऊनही नाक चोंदलेलेच राहते. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइड किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी व गर्भवतींनी ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. सवय जडलीच असेल, तर काही डॉक्टर प्रथम एकाच नाकपुडीतले थेंब बंद करावयास सांगतात. ती मोकळी झाली की दुसरीतले.